खोडलेले गोल

मिक्सर दुरुस्त करणाऱ्याचं म्हणणं होतं की मोटर गेली, आणि तिचं म्हणणं होतं की मोटर ठणठणीत आहे, बेअरिंग झिजलंय. त्यानं हसून घेतलं. सत्त्याहत्तर वर्षांची म्हातारी, पाठीला बाक, हातात कापडी पिशवी, आणि ती याला बेअरिंग शिकवणार! तिनं वाद घातला नाही. मिक्सरच्या पोटावर तळहात ठेवला, त्याला बटण दाबायला लावलं, डोळे मिटले आणि सांगितलं, की थरथर आहे, पण शिस्तीत आहे. दर फेऱ्याला एकदाच ठेच लागतेय, मोटर जळली असती तर ही लय राहिली नसती. त्यानं कुरकुरत खालचं झाकण उघडलं. बेअरिंगच निघालं. ही मनातल्या मनात जुन्या कचेरीतल्या थोरलीला म्हणाली, बघितलंस का ताई, हात अजून शाबूत आहे. तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला.

फोनवर एक मुलगी होती. आवाजावरून तिशीच्या आतली. गेल्या आठवड्यात चंद्रावर जे यान उतरलं, त्यातलं जमिनीचे हादरे मोजायचं यंत्र सांभाळणाऱ्या गटातली आहे म्हणाली, आणि तुम्हाला आजी म्हटलं तर चालेल ना, असं विचारून उत्तराची वाट न पाहता म्हणायलाही लागली. पन्नास वर्षांपूर्वी माणसांनी चंद्रावर ठेवलेल्या यंत्रांच्या नोंदी कागदांवर छापलेल्या होत्या, ते कागद त्यांनी बाहेर काढले होते. तिरपा उजेड पाडून त्यांचे फोटो घेतले, तेव्हा ओळींच्या कडेला पेन्सिलीचे बारीक गोल दिसले. खोडलेले. शिसं गेलेलं, पण पेन्सिलीच्या टोकाचा खळगा कागदात राहिलेला. एकूण एकाहत्तर. प्रत्येक गोलाजवळ एक इवलासा हादरा, जो तेव्हाच्या नोंदवहीत नाही, नंतर संगणकानं केलेल्या यादीत नाही, कुठेच नाही. साधारण सत्तावीस दिवसांनी एक, चंद्राच्या पोटात खूप खोलवर, दर वेळी त्याच एका जागी. त्या गोलांवरून त्यांनी पुढची तारीख मांडली, आणि परवा रात्री दहाला, बरोबर त्या तारखेला, नव्या यंत्रानं तो हादरा टिपला. मुलीचा आवाज इथे ओला झाला. मग तिनं नाक ओढलं आणि म्हणाली, "प्रत्येक कागदाखाली सही तुमची आहे, आजी. ते गोल तुम्हीच काढले होते ना? त्या जागेला आम्हाला तुमचं नाव द्यायचंय. उद्या दुपारी बाराला लेख पाठवतोय, तोवर हो म्हणा म्हणजे झालं." तिनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, उद्या सांगते म्हणाली आणि फोन ठेवला. मिक्सरवाला विचारत होता, की आजी, बेअरिंग नवीन टाकू ना? तिला ते दुसऱ्यांदा विचारल्यावर ऐकू आलं. गोल तिनं काढले नव्हते. तिनं ते खोडले होते.

मिक्सर पिशवीत घालून ती निघाली, आणि सिग्नल हिरवा असूनही अर्ध्या रस्त्यात येऊन थांबली. जगाला त्या चंद्रसफरींचं काय आठवतं? फुगीर पांढऱ्या कपड्यांतली माणसं, त्यांच्या उड्या, जमिनीवर उमटलेलं पाऊल. तिचं पोट मात्र त्या माणसांच्या हादरे टिपणाऱ्या एका पेटीवर चाललं. त्यांनी ती पेटी चंद्राच्या जमिनीवर ठेवली, आडवी-तिडवी नाही ना ते पाहिलं आणि घरी परत आली. पेटी तिथेच राहिली, आणि पुढच्या सफरींनी आणखी काही ठेवल्या. आठ वर्षं त्या एकट्या तिथल्या जमिनीला कान लावून होत्या, आणि त्यांना जे ऐकू येई ते अँटेनाच्या मोठ्या तबकडीतून खाली येऊन लांबलचक कागदांवर उमटे. पिवळ्या भिंतींची एक खोली, पाच टेबलं, आणि कागदावरच्या नागमोडी रेघा दिवसभर वाचायच्या. खरा हादरा कुठला, यंत्राचीच कुरकूर कुठली, हे निवडायचं. धान्य निवडावं तसं. कामाचं नावच होतं वाचक. ती चोविसाव्या वर्षी तिथे लागली, तेव्हा शेजारच्या टेबलावर बत्तीस वर्षांची एक रुंद खांद्यांची बाई होती, आणि दोघींचं नातं ना गोताचं ना गावचं, तरी महिन्याभरात सगळी कचेरी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणू लागली. साहेबसुद्धा.

थोरलीनं तिला पहिल्या दिवशी कुठला कागद दाखवला होता? तो पहिला. पेटीनं टिपलेली पहिली थरथर त्याच माणसांच्या पावलांची होती, ती पेटीजवळून चालत होती त्याची. हे बघ, थोरली म्हणाली, हा एक चालतोय, हा दुसरा. हा जरा जड पायाचा आहे. आणि इथे, हे बघ, इथे अडखळला. धाकटीनं डोळे ताणले, तिला नुसत्या रेघा दिसल्या. थोरलीनं तिचं बोट धरलं आणि रेघेवरून फिरवलं. "डोळ्यांनी नको वाचूस. बोटानं वाच. डोळ्यांना घाई असते." आणि खरंच, बोट अडखळलं. लाखो मैलांवर कुणाचा तरी पाय अडखळला होता आणि तो तिच्या बोटाला लागला होता. त्यानंतर तिनं उभ्या आयुष्यात पुष्कळ गोष्टी बोटानं वाचल्या. मुलाचा ताप, भाड्याच्या खोलीतली ओलसर भिंत, मिक्सर. हे सगळं थोरलीनं दिलेलं आहे, हे तिला अर्ध्या रस्त्यात उभं असताना इतकं लख्ख जाणवलं, की एका गाडीवाल्यानं हॉर्न वाजवून तिला बाजूला केलं.

आणि दिलेलं काय तेवढंच होतं? नवरा दुसऱ्या शहरात कामाला म्हणून गेला तो तिकडचाच झाला, तेव्हा मुलगा नऊ महिन्यांचा होता. तिला टेबलावर बसल्या बसल्या डुलकी लागायची. जागी व्हायची तेव्हा तिच्या वाटणीचे कागद वाचून झालेले असायचे, आणि थोरली आपल्या टेबलावर मान खाली घालून, आपण त्या गावचेच नाही अशी. कधी बोलून दाखवलं नाही. मग तपासनिसाची जागा निघाली. वाचकांनी वाचलेले कागद तपासायचे, वेळा नोंदवहीत उतरवायच्या, खाली सही करायची आणि कागद फिल्मवर फोटो काढायला पाठवायचा. मान थोरलीचा होता, सगळ्यांना माहीत होतं. ती साहेबांना म्हणाली, की मला बाई ते नोंदवहीचं किचकट काम जमायचं नाही, डोकं दुखतं, धाकटीला करा. तिचं डोकं कधीच दुखत नसे. धाकटीच्या घरी तान्हं मूल होतं आणि तपासनिसाला पाचला घरी जाता येई, एवढीच गोष्ट. म्हणजे त्या एकाहत्तर कागदांखाली जी सही होती, ती सहीसुद्धा थोरलीनंच दिलेली होती.

घरी आल्यावर तिनं मिक्सर ओट्यावर ठेवला आणि सरळ स्टूल ओढून वरच्या फळीवरचे डबे उतरवायला लागली. सून आतून आली, बघितलं आणि म्हणाली, की आई, या वयात स्टुलावर चढायचं काही नडलंय का, पडलात म्हणजे मलाच धावाधाव. ती म्हणाली, पडणार नाही, तू स्टूल धर. सुनेनं कपाळाला हात लावला आणि मग तोच हात स्टुलाला लावला. डब्यांखाली जाड कागद अंथरलेला होता. तीन घरं बदलली तरी हा कागद तिनं सोबत आणला होता, चांगला जाड आहे म्हणून. कचेरीत एखाद्या कागदावर चहा सांडला, शाई पडली की साहेब तो बाद करत, टेपवरून पुन्हा नवा छापून घेत आणि जुना टोपलीत टाकायला लावत. टोपलीतले कागद वाचकांनी घरी न्यायला त्यांची ना नसे. अशा कागदांनी त्या काळी पाच घरांतल्या फळ्या झाकलेल्या होत्या. तिनं कागद खिडकीशी नेला, उजेडाला तिरपा धरला. चहाचा मोठा डाग. डब्यांच्या बुडांचे वळ. आणि डावीकडे वर, रेघेच्या कडेला, वाटाण्याएवढा एक गोल. शिसं नाही, नुसता खळगा. त्याला बोट लावून ती तिथेच खिडकीशी बसली.

तिनं ते का खोडले, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटेल का? थोरलीच्या पर्समध्ये एक छोटं कॅलेंडर असे. त्यात दर महिन्याला एका तारखेभोवती पेन्सिलीचा गोल. हे गोल कसले, ते एका बाईला दुसऱ्या बाईनं सांगावं लागत नाही. थोरलीला मूल हवं होतं. लग्नाला दहा वर्षं झाली होती आणि दर महिन्याचा तो गोल म्हणजे पुन्हा एकदा नाही. धाकटीनं ते कॅलेंडर एकदा चुकून पाहिलं आणि मूग गिळून बसली. मग काही दिवसांनी तसाच गोल, तेवढाच, तसाच डावीकडून सुरू केलेला, तिला चंद्राच्या कागदावर दिसला. सत्तावीस दिवसांनी पुन्हा. त्याच्यानंतर पुन्हा. थोरलीच्या तारखा आणि या तारखा मागेपुढे एखाद्या दिवसानं जुळत होत्या. धाकटीला वाटलं, हिचं बिचारीचं भान सुटलंय, दिवसभर तोच विचार, हातातल्या कागदावर आपलीच तारीख खूण करून ठेवतेय आणि हिला पत्ताही नाही. उद्या हा कागद साहेबांच्या हाती गेला, त्यांनी विचारलं की हे काय, तर ही काय सांगेल? चारचौघांत मान खाली जाईल. म्हणून ती खोडरबर घेई आणि कुणाचं लक्ष नसताना, अलगद, फुंकर घालून, तो गोल पुसून टाकी. भटक्या खुणा पुसणं तपासनिसाचं कामच होतं. गोलाजवळची बारीकशी थरथर तिनं पाहिली होती का? पाहिली होती. अशा हजार थरथरी असत. पाच वर्षं तिनं हे केलं, एकदाही चुकली नाही, आणि आपण ताईची लाज राखतोय याचं तिला समाधान वाटे. जिनं इतकं केलं, तिच्यासाठी आपण एवढं तरी करतोय.

पण ते तीन महिने. खिडकीशी बसलेल्या तिला आता ते तीन महिने आठवले. एका वर्षी थोरलीच्या कॅलेंडरात तीन महिने गोल नव्हता. थोरली चालायची ती जपून, आणि उगीच हसायची. कचेरीत कुणाला काही सांगितलं नव्हतं, धाकटीलाही नाही, पण धाकटीला कळलं होतं. चौथ्या महिन्यात ती आठ दिवस आली नाही, आणि आली तेव्हा पुन्हा पूर्वीसारखी चालत होती. त्यावर दोघी कधीच बोलल्या नाहीत. त्या तीन महिन्यांत कॅलेंडर कोरं होतं, आणि चंद्राच्या कागदांवर गोल होतेच. वेळच्या वेळी. तिनं ते पाहिले होते, आपल्या हातानं खोडले होते. ज्या बाईला दिवस गेले आहेत, ती कागदावर कसली तारीख मांडेल, हा एवढा साधा प्रश्न तिला तेव्हा पडला नाही. थोरली हरली म्हणून तिला रडू आलं होतं, आणि रडू आवरत तिनं आणखी एक गोल खोडला होता. आठ वर्षांनी पेट्या बंद केल्या गेल्या, खोली रिकामी झाली, दोघींना वेगवेगळ्या खात्यांत टाकलं. थोरली निवृत्त झाली ती वाचक म्हणूनच.

अजूनही दर रविवारी दोघींचा फोन असे. रक्तदाब, गुडघे, भाज्यांचे भाव, कोण गेलं, कोण राहिलं. पन्नास वर्षांत एक शब्द वावगा गेला नव्हता. आता हे सांगायचं म्हणजे त्या पन्नास वर्षांवर पाणी सोडायची तयारी ठेवायची. न सांगता नुसतं थोरलीचं नाव कळवता आलं असतं. झाकली मूठ. पण मग थोरली विचारेल, की खोडले कुणी? आणि तिनं विचारलंच नाही, तर ते त्याहून वाईट. सकाळी साडेनवाला ती बसमध्ये बसली, कागदाची गुंडाळी मांडीवर धरून. शेजारच्या बाईनं विचारलं, नकाशा आहे का? ती म्हणाली, फळीचा कागद आहे.

दार थोरलीच्या भाचीनं उघडलं. थोरली खिडकीजवळच्या खुर्चीत होती, पंचाऐंशीची, खांदे अजून रुंद. तिच्या नजरेच्या मधोमध आता डाग आला होता. कडेचं दिसे, समोरचं नाही, त्यामुळे ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडे ती तिरकं पाही. रविवार नसताना कशी आलीस, कुणी गेलं का, असं तिनं विचारलं. धाकटीनं मुलीच्या फोनचं सगळं सांगितलं, यान, नवं यंत्र, परवाचा हादरा, बारा वाजेपर्यंतची मुदत. थोरली मध्ये एकदाच बोलली, हादरा किती वाजता, एवढंच विचारलं; रात्री दहाला, धाकटी म्हणाली. मग धाकटीनं कागदाची गुंडाळी मांडीवर घेतली.

"ताई, तुझे गोल मी खोडत होते."

"माहीत आहे की. दुसरं कोण खोडणार? साहेबांना खोडरबर कुठल्या खणात असतं तेसुद्धा ठाऊक नव्हतं."

"का खोडले, ते माहीत आहे?"

थोरली तिच्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत होती. सांगायला लागली ती अगदी शांतपणे, जणू दुसऱ्याच कुणाची हकिकत. तिनं पहिला गोल काढला तो धाकटीला विचारायला. ही बारकी थरथर मला परत परत भेटतेय, तुला काय वाटतं, असं. तिचं शिक्षण बेताचं, धाकटी तपासनीस. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर गोल खोडलेला. "म्हटलं, मिळालं उत्तर. धाकटी म्हणतेय काही नाही, म्हणजे नसेल काही. तुझं वाचन माझ्याहून बरं होतं."

नव्हतं. कधीच नव्हतं. धाकटीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिनं ते पुसलं नाही, समोरच्या माणसाला दिसत नाही याचा आधार घेतला. मग तिनं खरं कारण सांगितलं. पर्समधलं कॅलेंडर, जुळणाऱ्या तारखा, साहेबांच्या पुढे मान खाली जाईल ही भीती, सगळं, अगदी त्या तीन महिन्यांसकट. आत भाचीनं नळ सोडला आणि बंद केला. धाकटीनं पायाजवळची पिशवी हातात घेतली. थोरलीनं आता ऊठ म्हटलं तर उठायला बरं. आणि थोरली हसायला लागली. आधी नुसते खांदे, मग आवाज, मग ठसका लागेपर्यंत. भाची पाणी घेऊन धावत आली.

"म्हणजे पाच वर्षं तुला वाटत होतं, की मी कचेरीच्या कागदावर माझी पाळी लिहितेय?" थोरलीनं डोळे टिपले. "अगं, पण तू अर्धी बरोबर होतीस. माझ्या तारखांमुळेच तर ते लक्षात आलं. मी म्हणायचे, हा कोण माझ्यासारखाच, महिन्याच्या महिन्याला हजेरी लावणारा? दुसऱ्या कुणाच्या ते ध्यानातच आलं नसतं. साहेबांच्या तर सात जन्मांत नाही."

"आणि ते तीन महिने?"

"त्या तीन महिन्यांत मी त्याला सांगायचे, मी थांबलेय, तू नको थांबूस." तिनं पाण्याचा घोट घेतला. "नाही थांबला. मग मलाही जरा बरं वाटलं."

तुला उत्तर मिळालं होतं तर मग पुढे गोल काढत का राहिलीस, असं धाकटीनं विचारलं. थोरली म्हणाली, कारण तिथे काहीतरी होतं ना. मी काढायचे, तू खोडायचीस, आपलं चाललं होतं. मग थोडं थांबून म्हणाली, की दुसऱ्या कुणी कागद तपासले असते तर ते डागाळलेले म्हणून साहेबांपुढे गेले असते आणि बाद होऊन टोपलीत. तू इतकं अलगद खोडायचीस की एक कागद फाटला नाही. धाकटीला कळेना, ही आपली समजूत काढतेय की खरं सांगतेय. बहुधा दोन्ही असावं. थोरलीचं तसंच असायचं. काही देताना दिल्यासारखं दाखवायचं नाही. एवढं मात्र धाकटीला कळलं, की आपण आयुष्यभर या बाईचं देणं फेडतोय असं समजत होतो आणि ते वाढतच होतं, आणि ते फिटलं नाही याचं तिला आज वाईटही वाटत नव्हतं. उलट फार बरं वाटत होतं. असं कुणीतरी आपल्याला मिळालं, शेजारच्याच टेबलावर.

पावणेबाराला तिनं मुलीला फोन लावला, आवाज मोठा करून, थोरलीलाही ऐकू जावा असा. गोल काढणारी मी नव्हे, थोरली, असं सांगितलं, नाव दोनदा सांगितलं, अक्षरं नीट लिहून घ्यायला लावली. मुलगी गोंधळली. मग खोडले कुणी, विचारलं. मी, धाकटी म्हणाली, आणि तेही लिहा. का ते विचारू नका, ते आमच्या घरातलं आहे. पलीकडे मुलगी हसली की रडली कुणास ठाऊक, पण म्हणाली, की पुढच्या हादऱ्याला अजून चोवीस दिवस आहेत, तोवर यान तिथल्या लांबच लांब रात्रीच्या थंडीत तग धरेल की नाही देव जाणे, पण तारीख आता आम्हाला माहीत आहे. थोरली मध्येच मोठ्यानं म्हणाली, की पंचवीस. चोवीस नाही. पोरी, सत्तावीस दिवसांवरचे तास धरून मोज. पलीकडे कागदांची खसखस झाली आणि मुलगी हळूच म्हणाली, हो आजी, पंचवीस.

मग धाकटीनं मांडीवरचा कागद उलगडला. काय आहे म्हणून थोरलीनं हात पुढे केला, आणि धाकटीनं तिचं बोट धरून रेघेवरून फिरवलं, चहाच्या डागावरून, डब्यांच्या वळांवरून, डावीकडे वर. बोट थांबलं. तिनं भाचीकडून पेन्सिल मागितली, डाव्या हाताच्या बोटानं तो खळगा धरून ठेवला आणि उजव्या हातानं त्याच्यावरून पेन्सिल फिरवली. गोल जुन्या खळग्याच्या थोडा बाहेर गेला आणि पुरता मिटलाही नाही. तिनं कागद धाकटीकडे सरकवला आणि पूर्वी संध्याकाळी पाचच्या आधी म्हणायची तसं म्हणाली, "घे, तपास." धाकटीनं कागद खिडकीच्या उजेडात धरला, रेघ डावीकडून उजवीकडे बोटानं एकदा पूर्ण वाचली, आणि खाली सही केली.